एकम

साकीनाक्याच्या गाळ्यात पहिल्या दिवशी
घाडीगावकरांनी माझ्या हाती पक्कड दिलीच नाही.
कोरा कॉन्टॅक्टर दिला, म्हणाले,
"रंग बघू नको. आकडो वाच."

ए-एक, ए-दोन : कॉइल. जीव तिथे.
एक-दोन, तीन-चार, पाच-सहा : वरून घेतात, खाली मोटरला देतात.
त्यांना एकच आकडा, कारण ती हमाली करतात.
दोन आकडे मिळतात ते फक्त निरोप्यांना.

आणि निरोप्यांसाठी शाळेतलं गणित :
दशम म्हणजे घर, कितवं ते.
एकम म्हणजे स्वभाव.
एक-दोन असेल तर मुळात जुळलेला, कॉइल ओढली की तुटतो.
तीन-चार असेल तर मुळात तुटलेला, ओढली की जुळतो.

मला तेव्हाच सुचलं, नवी होते म्हणून बोलले नाही,
की आपली भाषा असंच मोजते :
एक-वीस, बा-वीस.
स्वभाव आधी, घर मागून.

ओव्हरलोडची वस्ती नव्वदीत.
शहाण्णव आला की गाळ्यात कोणीतरी कुळीचा विनोद करायचंच.
घाडीगावकर मान खाली घालून
वायरीवर फेरूल ओवत राहायचे, पिवळे मणी,
सहाचा नऊ होऊ नये म्हणून पायाशी रेघ असलेले.

फेब्रुवारीत माझगावहून फोन. सात मजले, टाकी कोरडी.
जिन्याखालच्या पंपरूमबाहेरच ऐकू आलं :
टकटकटकटक,
कॉन्टॅक्टर धरत होता आणि सोडत होता.
फुर्टाडोबाई टॉर्च घेऊन माझ्या मागे.

कॉन्टॅक्टर नवा, लोहार चाळीतला.
जुन्यासारखाच देह, कोपऱ्यात तसेच दोन स्क्रू,
पण तिथे छापलेलं एकवीस, बावीस.
आणि त्यांत घट्ट पिळलेल्या वायरींवर मणी :
तेरा, चौदा.
बटणावरचं बोट उचललं तरी जे धरून ठेवतं
त्याच्या घरात
धरताक्षणी सोडणारं राहायला आलं होतं.

वायरी मेणदोऱ्याने बांधलेल्या.
प्लास्टिकच्या पट्ट्यांना हात न लावणारा माणूस
या शहरात मला एकच माहीत.
गाठ ताजी होती.

"म्हातारे येऊन गेले काल रात्री," बाई म्हणाल्या,
"लाइट नव्हती. बोटांनी चाचपून केलं सगळं.
थांबले नाहीत, पहाटेची गाडी होती गावची.
पैसेही नाही घेतले."

मी समोरून एक ब्लॉक चढवला. त्रेपन्न-चोपन्न.
तेराचौदाचे मणी काढून खिशात टाकले.
बिलावर 'जोडणी' एवढंच लिहिलं.
पंप एकदा घुमला आणि घुमत राहिला,
बाईंनी वरच्या मजल्यावर ओरडून सांगितलं, बादल्या नको म्हणून.

एप्रिलमध्ये कणकवलीहून फोन.
काजू, उकाडा, सुनेची नोकरी.
मग, "माझगावचो पंप?"
"चालू आहे."
पलीकडे बराच वेळ नुसत्या कोंबड्या.
"डोळ्यांचा ऑपरेशन झाला गो. आता एकम दिसता."
मी गप्प.
"कितव्या घरात घातलंस?"
"पाचव्या."
"बरां," ते म्हणाले, आणि पुन्हा काजूंकडे वळले.