बावीस वाव

थेमेलिसनं माझ्या होडीचा दोर कापला तो भर दुपारी,
चौकात म्हातारे कॉफी पीत बसलेले असताना.
सुरी विजारीला पुसली, मला हाक मारून म्हणाला,
"पुढच्या खेपेला होडीच नसेल."
भांडण लिंबोणीचं.
मुळं त्याच्या बांधात, फळं माझ्या अंगणात,
मधली भिंत दोघांच्या आजोबांनी दोनदा मोजलेली,
दोन्ही वेळा वेगवेगळी भरलेली.

त्या वर्षी मी दाराला अडसर घालून झोपलो
आणि गाढ झोपलो.
तो कुठल्या वारी पितो, पिऊन कुठल्या वळणानं जातो,
सगळं मला ठाऊक.
वैरी माणसाला पाठ असतो,
प्रार्थनेपेक्षा जास्त.

स्केव्होसचं मी काहीच पाठ केलं नाही.
कशाला करू?
माझी मुलगी बाप्तिस्म्याच्या पाण्यातून
त्याच्याच हातांनी वर आली.
ईस्टरला त्याचं लाल अंडं माझ्या अंड्यावर फुटायचं
आणि माझ्यापेक्षा तोच मोठ्यानं हसायचा.
अंजिरं आणायचा, तमालपत्रांत रचून.
उन्हाळाभर, आफ्रिकेच्या किनाऱ्याला,
तांब्याचं शिरस्त्राण माझ्या डोक्यावर चढवून
बाराही बोल्ट तोच आवळायचा,
काचेवर बोटानं टकटक करायचा :
जा.

खाली गेलेल्या माणसाला दोनच नाती उरतात,
एक हवेची नळी, एक कमरेचा दोर.
एक झटका : मी ठीक आहे.
दोन : सैल सोड.
तीन : ओढ, पण सावकाश,
मधे थांबव, रक्ताला वर यायला वेळ लागतो.
यातलं "पण सावकाश" दोरातून सांगता येत नाही.
ते वरच्यानं जाणायचं असतं.

त्या दिवशी बावीस वाव पाणी.
स्पंज असे, की काळ्या मेंढ्यांचा कळप बसलाय.
जाळी भरली. तीन झटके दिले.
बाटलीचं बूच उडावं तसा वर आलो.

डेकवर मी हसलोसुद्धा.
तंबाखू मागितली, दोन झुरके मारले.
तिसऱ्या झुरक्याला
कमरेखालचा माणूस निघून गेला.

बेटावर परतल्यावर धक्क्यापासून घरापर्यंत
स्केव्होसनं मला पाठीवर नेलं. रडत.
बायका दारांत येऊन म्हणाल्या, मित्र असावा तर असा.
त्याच्या मानेवर गाल टेकून
मीही तेच म्हणत होतो.

नोव्हेंबरात थेमेलिस आला.
उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही.
लिंबोणीकडे बघत बोलला,
"शेजारच्या बोटीवर होतो मी. मोजत होतो.
बावीस वावांतून दोन मिनिटांत तू वर.
व्यापाऱ्यानं त्याला बुडीमागे पैसे ठरवले होते.
तुझा पोशाख पुढच्याला हवा होता."
मग थुंकला.
"भिंत मात्र माझी आहे."

सेवस्ती म्हणाली, वैऱ्याचं काय मनावर घ्यायचं.
मी म्हणालो, तो खोटं कशाला बोलेल?
त्याला माझ्याकडून माया थोडीच हवी आहे.

केसानं गळा कापला म्हणतात.
माझा तर अंगठ्याएवढा जाड दोर होता,
आणि त्यानं तो कापलाही नाही.
ओढला, एवढंच.
ओढ म्हणून
मीच सांगितलं होतं.

आता दोन काठ्यांवर चौकात जातो.
थेमेलिस मला बघून थुंकतो, मी टोपी काढतो.
लोकांना वाटतं, पाणी याच्या डोक्यातही गेलंय.
स्केव्होसला मी काही बोललो नाही. बारा वर्षं झाली.
दर भाद्रपदी उन्हात वाळवलेली अंजिरं घेऊन येतो,
खांद्यावर हात ठेवून विचारतो, "कसा आहेस?"
"ठीक," म्हणतो मी. एक झटका.
आणि हसतो, त्याच्याकडूनच शिकलेलं हसू.

अंजिरं शेळी खाते.
तमालपत्रं तेवढी बाजूला काढते.