टॉम रीपाट

देवमाशांमागे निघालेल्या जहाजाची रोजनिशी,
फोर्टातल्या ग्रंथालयात, तिसऱ्या मजल्यावर.
शाई गंजाच्या रंगाची.
हेनरी-केनरी लगेच कळले: उंदेरी, खांदेरी.
म्हातारीचं बेट म्हणजे कुलाब्याकडचं.
राहिला टॉम रीपाट.

माझ्या आधीच्या सूचिकारानं
त्याला खलाशांत घातलं होतं,
भालेवाला आणि सुतार यांच्या मधे.
पगार नाही, आजार नाही, मरणही नाही,
फक्त दर चार पानांनी
'टॉम रीपाटच्या पश्चिमेला नांगर टाकला.'
माणसाच्या पश्चिमेला कोण नांगर टाकतं?

ससून डॉकवर, बर्फ फुटण्याच्या आवाजात,
पोशा नाखव्याला वाचून दाखवलं.
नकाशा त्यानं उघडूच दिला नाही.
"पाणी किती?"
नऊ वाव.
"शिशाला काय लागलं?"
काळा चिखल, शिंपल्यांचा चुरा.
"वास?"
वास लिहिलेला नव्हता.

तरी हसला. "तांबरीपाट," म्हणाला,
ताट वाढून घरातल्या कुणाला हाक मारावी तसा.
कुठे आहे, विचारलं,
तर जाळ्याचं भोक शिवत राहिला.
"जागा सांगाची नस्ते गो,
जालं टाकाचं असतं."

त्या महिन्यात जहाजाला देवमासा मिळाला नाही.
कप्तानानं तांबोशी खाल्ली,
'उत्तम' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

टॉमला खलाशांतून काढलं.
नवं कार्ड, पेन्सिलीनं:
तांबरीपाट. अक्षांश अनिश्चित. रेखांश अनिश्चित.
मग पट्टी घेऊन
आमच्या छापील कार्डात नसलेला
एक रकाना आखला, वासाचा,
आणि तसाच सोडला.