रकाना

इन्व्हरकार्गिल, वॉर्ड सहा. खिडकीवर गारा.
रेवी पराटा, वय एक्क्याऐंशी,
ब्लफच्या समुद्रात कालवं काढायचा.

हृदयवाल्यांनी पाणी उतरवलं,
किडनीवाले म्हणाले, फार उतरवलं.
फुप्फुसवाल्यांची नुसती चिठ्ठी:
आमच्याकडून घरी जायला हरकत नाही.

डॉक्टर टलक खुर्ची ओढून बसते,
एकोणीस गोळ्या चादरीवर ओतते,
तांदूळ निवडावेत तशी निवडत राहते.
सात उरतात.
मग विचारते,
"घरी बूट कोण घालून देतं?"

तो भिंतीकडे बघतो.
"मेरे होती तोवर, ती."

हे कुठल्या रकान्यात लिहायचं,
शिकाऊ पोरगा विचारतो.
लिही आधी, ती म्हणते.

जूनमध्ये ती निवृत्त होतेय.
जागेची जाहिरात तिसऱ्यांदा लागलीय.
पोरगा खाली वाकून
सुजल्या पायाला सोसेल एवढी
सैल गाठ मारतोय.