चायना मोझेक

करुणा खिल्लारे आली ती झेरॉक्सचा गठ्ठा छातीशी धरून,
रविवारी, भर दुपारी, घणसोलीत, माझ्या पाचव्या मजल्यावर.
"मॅडम, मंगळवारी पेपर आहे.
सौंदर्यवाद थोडा कळतो. आधुनिकतावाद अजिबात नाही.
आणि दोन्ही एकाच प्रश्नात येतात."

मी चष्मा शोधला. तीस वर्षं फळ्यावर लिहिलं
तेच पुन्हा बोलले: कलेला कलेबाहेरचं प्रयोजन नसतं.
मग महायुद्ध, महानगर, अर्थाचे तुकडे.
ती लिहीत गेली. 'तुकडे'खाली दोनदा रेघ मारली,
आणि पेनाचं टोपण दातांत धरून म्हणाली,
"पण मुद्दाम का तोडायचं? धड येत नव्हतं का त्यांना?"

तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
किंवा विचारलं असेल, आणि मी फळा पुसत असेन.

ठाणे-बेलापूर रोडचा आवाज खिडकीतून येत राहिला.
काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, वडील काय करतात?
"फरशी बसवतात. सध्या इथंच, तुमच्या मागं."

मागे गावठाणातली दुमजली इमारत.
गच्चीवर टळटळीत उन्हात एक माणूस उकिडवा बसून
पांढऱ्या टाइलवर हातोडी मारत होता.
चांगल्या, अखंड, कोऱ्या टाइलवर.

"चायना मोझेक," ती म्हणाली. "गच्चीला उतार असतो ना,
कडेला गोलाई. अख्खी फरशी तिथं बसत नाही.
डुगडुगते, खाली पोकळ राहते, पाणी मुरतं.
तुकडा कसाही वळतो."
आणि गप्प झाली.
मीही.

मग वहीत तिनं काय लिहिलं, मी पाहिलं नाही.

दाराशी चपला घालता घालता
बापाची चोरी सांगावी तशी हळू म्हणाली,
"टाकीच्या माथ्यावर ते दर वेळी एक मासा करतात, निळा.
उरलेल्या कपच्यांचा. त्याचे पैसे मिळत नाहीत,
मुकादम ओरडतो, वर कुणी चढतसुद्धा नाही.
मी विचारलं होतं, कशाला?
तर म्हणाले, कशाला म्हणजे?"

जिन्यातून तिचा आवाज परत आला:
"हे सौंदर्यवादात लिहू का?"
लिही, म्हटलं. गुण देतील की नाही, ठाऊक नाही.

आमच्या गच्चीचं काम कुणी केलं होतं, आठवत नाही.
टाकीची शिडी गंजलीय, माझे गुडघे त्याहून.
तरी संध्याकाळी तिसऱ्या पायरीपर्यंत चढले.
माथा अजून दोन हात वर होता.