इतिवृत्त, मसुदा तिसरा

दिंडोरी रोडवरच्या सभागृहात एसी बंद,
खिडक्या उघड्या, ऑक्टोबरचं ऊन टेबलावर,
आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने
मी पेन्सिलीला टोक करून बसलेली.
माझ्या लघुलेखनात पाण्याची खूण म्हणजे
एक बारकासा आकडा, उजवीकडे वळलेला.
तीन तासांत तो किती वेळा काढला
मी मोजलं नाही. बोटाने मोजलं असावं,
रात्री तेच दुखत होतं.

जलसंपदेचे खैरनार दलघफूत बोलले.
वीज कंपनीच्या तडवी मॅडम मेगावॉटमध्ये.
द्राक्षांवर पीएचडी केलेला गायधनी
हेक्टरी क्विंटल सोडून बोलेना,
आणि पुण्याहून आलेल्या हवामानाच्या बाई
नुसत्या "दीड अंश" म्हणाल्या, तेव्हा
सगळ्यांनी आपापल्या चहाच्या कपात पाहिलं.

मग वर आणि खाली सुरू झालं.
वर म्हणजे आपण : दारणा, गंगापूर, काश्यपी.
खाली म्हणजे जिथे सोडायचं ते.
कुणीतरी म्हणालं, "तिकडच्या लोकांना",
लगेच दुरुस्ती आली : "निम्न खोऱ्यातील घटकांना".
मी दुरुस्ती लिहिली.
मला पगार दुरुस्तीचाच मिळतो.

तडवी मॅडमनी तक्ता दाखवला.
दिवसा आठ तास वीज दिली
तर विहिरींची पातळी अशी जाते,
रात्री दिली तर अशी.
"पण रात्री दिली की माणूस चिखलात उभा असतो,
अंधारात, स्टार्टरपाशी. माझा भाऊ..."
पुढे त्या बोललाच नाहीत.
पाणी प्यायल्या. झाकण लावलं. पुन्हा काढलं.
"हे रेकॉर्डवर नको."
मी पेन्सिल आडवी ठेवली.

विषय क्रमांक पंधरा, पाच मिनिटं :
झिपरू अहिरे, मोसमकाठचे पाटकरी.
नव्या शर्टाच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या.
गायधनीने विचारलं, "पद्धतीची कार्यक्षमता किती टक्के?"
झिपरूबाबांनी ते नीट ऐकून घेतलं,
जसं पाहुण्यांच्या घरी न आवडणारं वाढलं तरी घेतात,
आणि टेबलावर बोटाने चार फड आखले.
प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात.
बंधाऱ्यात पाणी उतरलं की
गाव बसून ठरवतं, औंदा कोणता फड सोडायचा.
मग बोट उचलून म्हणाले,
"पानी कमी पडनं त सगळासले कमी."

"सगळासले"ला माझ्याकडे खूण नाही.
सव्वीस वर्षांत लागलीच नव्हती.
मी ते पूर्ण देवनागरीत लिहिलं.

खैरनारांनी विचारलं, "आणि तुमचं स्वतःचं रान?"
"ते बी त्यामाच."
कुणी हसलं नाही. पंखा मात्र
कुठेतरी घासत होता, तो आता ऐकू आला.
मग अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.

पहिल्या मसुद्यात चार ओळी होत्या बाबांच्या.
दुसऱ्यात दोन.
हवामानाच्या बाईंनी कळवलं, दीड अंशाच्या आधी
"सुमारे" घालावं. घातलं.
तिसऱ्यात आता असं आहे :
लाभधारक प्रतिनिधींनी पारंपरिक पद्धतीची माहिती दिली.
नोंद घेण्यात आली.
वाक्य बरोबर आहे. मी तपासलं.
मसुदा मंजूर झाला की वही नष्ट करायची, नियम आहे.
या वेळी एक पान फाडून
पर्समध्ये ठेवलंय, लाइट बिलाच्या घडीत.
कशासाठी, ते विचारू नका.

आज पहाटे उपनगरात
पाच चाळीसला नळ आला.
दुसरी कळशी अर्धी झाली
तेवढ्यात वरच्या मजल्यावर मोटर सुरू झाली,
धार दोऱ्याएवढी झाली.
मी छताकडे पाहिलं.
मग आठवलं, आपल्याही खाली
तळमजल्यावर शिरसाठ आजी राहतात
आणि माझा नळ पूर्ण उघडा आहे.