फणसाची पेटी

हापूसच्या पेट्या ठोकण्यात माझी सव्वीस वर्षं गेली.
दोन फळ्यांत बोटभर फट, फळाला वारा लागावा म्हणून.
त्यामुळे सायमा मुकादम, जनावरांची डॉक्टर,
हातात उशीची खोळ धरून जामसंड्याच्या शेडमध्ये आली
आणि म्हणाली, "मेस्त्री, एक पेटी हवी, पण फट नको,"
तेव्हा मी आधी खोळीकडे बघितलं.
खोळ हलली.

बोआ. इथला नव्हे. अजगराचा परदेशातला चुलतभाऊ.
त्याचे कागद तिने प्लास्टिकमध्ये घालून आणले होते,
जणू मी फॉरेस्टवाला.
मी एवढंच विचारलं, "किती वाढतलो?"
"सात फूट. आठही."
आत्ता होता दोन वितींचा,
पाठीवर तपकिरी ठसे, चहाच्या कपाने उमटावेत तसे,
आणि माझ्या रंध्याच्या दिशेने जीभ काढून
लाकडाचा वास मोजत होता.

आठ फूट ऐकल्यावर माझा हात आखडेना.
"देवदार नको," ती म्हणाली, "त्याचा वास बाधतो."
मी फणस काढला, दोन उन्हाळे वाळवलेला, पिवळा धमक.
खारा वारा लोखंड खातो,
म्हणून पितळी स्क्रू, माझ्या खिशातून.
पुढे सरकती काच, वर बारीक जाळी,
एका टोकाला बल्बची ऊब, दुसरं टोक गार,
कडी अशी, की नाकाने ढकलून सुटू नये.
साडेपाच फूट लांब.
जन्मभर खोकी ठोकणाऱ्याने
एकदाच देव्हारा करावा, तशी केली.

तीन आठवडे त्याने काही खाल्लं नाही.

"तुमचं काही चुकलं नाही, मेस्त्री," सायमा फोनवर म्हणाली.
असं कुणी म्हटलं की समजावं.
आनंदवाडीला तिच्याकडे जाऊन बघितलं:
काचेमागे एवढं थोरलं अंगण,
आणि तो गार कोपऱ्यात, स्वतःच्याच वेटोळ्याखाली
डोकं खुपसून.
"लहान आहे ना. मोकळी जागा दिसली
की त्याला वाटतं, वरून कुणीतरी झडप घालणार."

मग तिने बाजारातून झाकणाचा टब आणला,
धान्य ठेवतात तसला.
तापल्या सळईने मी त्याला भोकं पाडली,
तोंडातून शब्द न काढता.
आत सोडणाचा भुसा, हाताला ओलसर लागेल इतकाच,
पाण्याची वाटी,
आणि एक करवंटी पालथी, कडेला दोन बोटांचं दार.
तो त्यात शिरला. शेपूट बाहेर राहिलं.
थोड्या वेळाने तेही आत ओढून घेतलं.
"पाठ सगळीकडून टेकायला हवी त्याची," सायमा म्हणाली.
पाचव्या रात्री त्याने उंदीर घेतला.

गेल्या वर्षी मी स्लॅबचं घर बांधलं. चार खोल्या.
मधल्या खोलीत खोकलं तर खोकला परत येतो.
मी अजून शेडमध्येच झोपतो,
फळ्यांच्या थप्पीला पाठ लावून.
बायको दोनदा हाक मारते, मग दिवा घालवते.
मला वाटायचं, भुशाच्या वासाची सवय.

पेटी मीच टेम्पोत घालून परत आणली.
लागेल, म्हणाली सायमा, दोन वर्षांनी लागेल.
दर महिन्याला फोटो पाठवते,
शेजारी माझीच फूटपट्टी ठेवून.
सध्या पावणेतीन फूट.
टब बदलायला झाला. जरासाच मोठा, एकदम नाही.

आणि इथे काच उघडी राहिली होती,
तर शेजारच्या डिकॉस्टांची कोंबडी आत जाऊन बसली,
बरोबर बल्बच्या टोकाला. अकरा अंडी.
तिला काही ती जागा मोठी वाटली नाही.
उठवायला गेलो, तर चोच मारली.
कुणासाठी बांधली होती ते
तिला सांगणार कोण?