दोन सूत लोकर

हेडफोनची गादी उपटताना
चट् असा आवाज येतो, चारदा.
खाली चार स्क्रू, चष्म्याच्या दांडीला असतात तसले,
आणि माझी बोटं पाऊण इंची नटाची.

पुतण्यानं दिवाळीला दिला. वायरलेस.
"काका, बास बघा, छाती हलते."
हलली. पण बाकीचं सगळं
मैदानात हलगीशेजारी बसून
कुणीतरी कानात बोलावं तसं.

लोक गाणी लावून तपासतात.
माझ्या फोनमध्ये दोन मिनिटं चाळीस सेकंद आहेत:
उद्यमनगर, गाळा नंबर अकरा, सहा फुटी लेथ,
भंगारवाल्याचा टेंपो यायच्या आधीची सकाळ.
चकची घरघर. टूल टेकलं की बिडाची खरखर.
मग दस्तगीर विचारतो, चहा सांगू का.
आणि ह्या सगळ्याच्या वर, केसाएवढी,
मागच्या बेअरिंगची शीळ.
तेवीस वर्षांची ओळख.
ग्रीस कमी पडलं की अर्धा सूर चढायची.

आत बघितलं तर बॅटरी बिस्किटाएवढी,
तिला टोचायचं नाही, एवढं ध्यानात ठेवलं.
तारा पापणीच्या केसासारख्या.
मधे पडदा, कांद्याच्या आतल्या सालीचा,
त्याच्यासमोर मी श्वास बाजूला सोडला.
मागं एक भोक. ढुमढुम तिथून येते.
गिअरबॉक्सचा ब्रीदर असाच असतो.

भोकावर चिकटपट्टी, पट्टीला सुईचा एक टोचा.
मागच्या वाटीत घोंगडीची लोकर, दोन सूत.
प्लास्टिक वाजत होतं,
त्याला खिडकीच्या काचेची लांबी चोपडली.
गादीसाठी सुभाषनगरात
रावबा सातपुत्यांनी शेळीचं कातडं कापून दिलं.
"जन्मभर पायाचं माप घेतलं,
कानाचं आजच," म्हणाले.
पैसे घेतले नाहीत.
जोडून झाल्यावर आणून ऐकव, एवढंच.

जोडला.
आतली बाई इंग्रजीत बोलली, चालू झाल्याचं.
तिला काही फरक पडलेला नव्हता.
लेथ लावला.
चक आला. बीड आलं. दस्तगीर तर
इतका जवळ आला की मी मान वळवली.
शीळ नाही.

लोकर काढली. शीळ नाही.
परत घातली, एक सूत. टोचा मोठा केला.
साडेबारा वाजले रात्रीचे. शीळ नाही.
कंपनीला शिव्या घातल्या,
कुठल्या देशाची ते न बघता.

सकाळी शलाका क्लासला निघालेली,
एक चप्पल पायात, एक हातात.
म्हटलं, ऐक जरा.
"भारी झालंय, बाबा.
पण किटली कुणाची ठेवलीय?"
कुठली किटली?
"वरती सारखं ईईई करतंय की.
मागच्या आठवड्यात ऐकवलंत तेव्हा नव्हतं."

कामगारांच्या शिबिरात डॉक्टरीणबाईंनी
एक कागद दिला होता मागं. त्यावर एक रेघ,
उजवीकडं उतरत गेलेली, जोतिबाच्या पायऱ्यांसारखी.
तो खिशात राहिला आणि धुण्यात गेला.

म्हणजे शीळ गेली होती कधीचीच.
मी टूलपोस्टवर तळवा ठेवून उभा राहायचो,
तिथून ती वर चढत असणार, मनगटानं, कोपरानं,
आणि मला वाटायचं, कान.

आता संध्याकाळी ती कानाला लावून बसते,
मी सुई घेऊन.
शीळ वर गेली की तिचं बोट वर जातं,
खाली आली की खाली.
मी बोट बघतो आणि पट्टीचा टोचा
अर्ध्या केसानं सारतो.

काल म्हणाली, "शेवटी शेवटी जरा चढते ती.
चहाच्या नंतर."

चढणारच.
त्या दिवशी ग्रीस घातलं नव्हतं.
कशाला घालायचं, टेंपो येणार होता.

डाव्या बाजूचा एक स्क्रू
अजून काडेपेटीत ठेवलाय.